मठाच्या दारातली फळी

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो, पण मला चुलीतलं सरपण समजू नका. रोदोपेच्या डोंगरातल्या जुन्या ख्रिस्ती मठात प्रार्थनेची हाक मीच देत असे, कारण सुलतानाच्या राज्यात आम्हाला घंटा वाजवायला बंदी होती. महंत गेरासिमने अक्रोडाचं लाकूड स्वतः तासून मला घडवलं, साखळ्यांनी दारात टांगलं आणि लाकडी हातोडीने चाळीस वर्षं वाजवलं. खालच्या गावातल्या बायका माझ्या आवाजावर धारा काढायला बसत.

मग मठ जळला. महंत आतच राहिला. छत पडलं, साधू पांगले, वेदीपाशी खाजरी झुडपं माजली. वारा सुटला की मी खांबावर आपटे. गावात बोलवा झाली, की गेरासिम मेलेल्यांना प्रार्थनेला बोलावतो. फळी वाजली की उंबऱ्यावर मेलेल्यांसाठी उकडलेले गहू ठेवायचे, दार लावायचं, वर बघायचं नाही. एवढा माझा दरारा, पण बोटभर तेल लावायला कुणी फिरकलं असेल तर शपथ!

एका सकाळी दाट धुकं उतरलं. गावातल्या स्तोइनाआजीची सून वेल्का चुकलेली मेंढी शोधत मठात शिरली. पायरी ढासळली, पाय मोडला. ओरडून घसा बसला, तशी ती सरपटत माझ्यापाशी आली आणि दगडाने मला बडवू लागली.

गावात पटापट दारं लागली. वेल्काच्या नवऱ्यानेसुद्धा आईला आत बोलावलं. आजी मात्र अंगणात कान देऊन उभी. दोन ठोके घाईचे, तिसरा रेंगाळलेला. हातमागावर वेल्का अशीच ठोके, आणि आजी रोज टोमणा मारी, की सूनबाई, तुझं कापड लंगडतंय.

"आई, आत ये. मेलेला हाक मारतोय."

"मेलेल्याला मी लहानपणी ऐकलंय. त्याचा ताल कधी चुकला नाही. हा तुझ्या बायकोचा हात आहे, गाढवा. घोंगडी घे आणि चल."

दोघं पोचली तेव्हा वेल्काचे ओठ निळे पडले होते. तिने विचारलं, "ताल चुकला का, आई?"

"नेहमीसारखाच," आजी म्हणाली आणि कमरेचा लोकरी पट्टा सोडून तिचा पाय बांधू लागली. गाठ तिने दोनदा सोडून पुन्हा बांधली. ते फक्त मी पाहिलं.

मित्रांनो, मेलेल्यांचा मान जरूर ठेवा. पण दार लावण्याआधी ठोका नीट ऐका. वर कुणी जिवंत असेल. आणि म्हाताऱ्या लाकडाला वर्षातून एकदा तेल लावा. वेल्का लावते. काठी टेकत चढ चढते, दोन ठोके घाईचे, तिसरा रेंगाळलेला. मी दुरूनच ओळखते.