तिसऱ्या क्वार्टरमधली मिठी

न्यू गिनीच्या जंगलातल्या लढाईतून माझा नवरा विल्फ तीन वर्षांनी परतला तो सोबत हिवताप घेऊनच. फुटबॉल क्लबला कळू द्यायचं नाही, अशी मला शपथ. "बत्तीस वर्षांच्या माणसाला एकदा काढला की परत कोण घेतो, आयव्ही?" आणि फुटबॉलशिवाय विल्फ म्हणजे काय, हे मलाही ठाऊक नव्हतं. मी गप्प बसले.

त्या शनिवारच्या सामन्यात त्याच्या वाट्याला मर्व्ह डूली आला. समोरच्या संघाचा गोल मारणारा. दिवसभर त्याला चिकटून राहायचं आणि गोल मारू द्यायचा नाही, हे विल्फचं काम. दोघं एकाच पलटणीतले. तिकडे तापात विल्फला मर्व्हनेच सांभाळलेलं.

आम्ही बायका गोलमागच्या कुंपणाला टेकून उभ्या होतो. आमचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल चार क्वार्टरचा; तिसऱ्या क्वार्टरमध्ये चेंडू पार पलीकडे असताना विल्फने हात काखेत घातले. मी ओळखलं. थंडी भरली होती. त्याचे गुडघे वाकायला आणि मर्व्हने त्याला कवेत आवळायला एकच गाठ पडली.

"हाण की त्याला!" माझ्या शेजारच्या पॅस्कोबाई छत्री नाचवत ओरडल्या. "आयव्ही, नवरा आहे की बटाट्याचं पोतं?"

"पोतंच. लग्नाआधी कुणी सांगितलं नाही."

पंच शिट्टी फुंकत धावत आला. चेंडू नसताना धरलं, म्हणून विल्फला फ्री किक! आमच्या लोकांनी टोप्या उडवल्या. चेंडू आला, तरी मर्व्ह सोडेना.

"सोड त्याला!" पंच खेकसला.

"सोडला तर पडेल, साहेब." मग, विल्फने नंतर सांगितलं, मर्व्ह खालच्या आवाजात म्हणाला, "मार तू. मी मागे उभा राहतो. कुणाला कळायचं नाही."

विल्फने कुंपणाकडे, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, डोळेही वळवले नाहीत. त्याने चेंडू जवळच्या साथीदाराला दिला, मैदान सोडतोय म्हणून हात वर केला आणि मर्व्हच्या खांद्याला धरून आमच्याकडे चालत आला.

पॅस्कोबाईंनी छत्री मिटली. त्यांनी अंगातला गुलाबी कोट काढून कुंपणावरून फेकला. "घाल, मेल्या. लाजतोस काय?"

गुरुवारी पुढच्या सामन्याच्या संघाची यादी लागली. मी वाचून घरी आले.

"नाही ना?" अंथरुणातून विल्फ.

"नाही. एक नवा पोरगा आहे, कॉलिन म्हणून."

त्याने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. मग म्हणाला, "त्याला निरोप दे. मर्व्हशी गाठ पडली तर ध्यानात ठेव म्हणावं, चेंडूसाठी उडी मारण्याआधी तो डावा खांदा पाडतो."

"मित्र ना रे तुझा?"

"रविवार ते शुक्रवार," विल्फ म्हणाला, आणि कूस वळवून झोपला.