शेजारधर्मात गंजलेले इंजिन

मित्रांनो, मी एका गाडीचे जुने इंजिन आहे. तुम्ही लगेच ‘अरेरे’ म्हणणार असाल तर जरा थांबा. माझा कळवळा असलेल्या माणसानेच माझी ही गत केली.

माझा जन्म हिरोशिमातला. इतर इंजिनांच्या पोटात दट्टे वरखाली उड्या मारतात. माझ्या पोटात तीन कोपऱ्यांचे दोन रोटर गरगर फिरतात. प्रत्येक कोपऱ्यावर एक बारीक पट्टी असते. ती भिंतीवरून सरसर फिरत राहिली की मी खूश. मला पथ्य एकच: सुरू केलेत तर चांगले तापू द्या आणि मधूनमधून ओरडू द्या.

माझे मालक कुरामित्सु तरुणपणी मला घाटात न्यायचे तेव्हा मी ओरडत असे. मग त्यांनी टेकडीवर घर घेतले. तिथे घरे इतकी खेटून, की एकाला शिंक आली तर दुसरा रुमाल शोधतो. त्या दिवसापासून मालक सभ्य झाले. शेजारच्या ओरिताबाईंना त्रास नको, म्हणून मला फाटकातून कुजबुजत काढत. पुढे तेही थांबले. ते ट्रामने कामाला जाऊ लागले आणि मी कापडाखाली गेलो.

वर्षअखेरच्या साफसफाईला मात्र माझी आठवण होई. मला सुरू करायचे, हातभर पुढे घ्यायचे, खालची फरशी झाडायची, मागे घ्यायचे आणि आवाज वाढायच्या आत बंद करायचे. मग मालक मला वाकून नमस्कार करीत. दरवर्षी थंड पोटात न जळलेले पेट्रोल सांडे, भिंतींवरचे तेल धुऊन जाई, आणि उरलेले वर्ष ओल आपले काम करी. गंजायला आणखी काय लागते? नमस्कार तर होताच.

शेवटी एका डिसेंबरात किल्ली फिरली आणि मी नुसते ‘टक्’ केले. पट्ट्या भिंतीला चिकटल्या होत्या.

मालकीणबाई यासुए दारातच उभ्या होत्या. “अहो, सासूबाईंच्या फोटोवरून कधी इतकं फडकं फिरवलं नाहीत,” त्या म्हणाल्या. “माझे गुडघे गेले. बाजारातून वर येताना तीनदा बसते मी. वसंतापर्यंत ही गाडी मला वर आणणार असेल तर ठेवा. नाहीतर भंगारवाल्याला बोलावते आणि छोटी गाडी घेते.”

मला ही बाई त्या क्षणी आवडली. माझ्याबद्दल तिला काडीचा आदर नव्हता.

पेट्रोलपंपावरच्या एका शहाण्याने सल्ला दिला, की गाडी गियरमध्ये टाकून दुसऱ्या गाडीने दोरी बांधून हिसका द्या. माझ्या पट्ट्यांचे तुकडे झाले असते. पण त्यात आवाज होईल, म्हणून मालकांनी नकार दिला. त्यांचा शेजारधर्म आयुष्यात एकदा माझ्या कामी आला.

मग त्यांनी स्पार्क प्लग काढले, भोकांतून पातळ तेल ओतले आणि वाट पाहिली. वाट पाहणे त्यांना छान जमते. रोज पुढच्या बोल्टाला लांब दांड्याचा पाना लावून थोडे इकडे, थोडे तिकडे ढकलत. जोर नाही, हट्ट नाही. थंडी सरता सरता प्लमची फुले उमलली, तेव्हा मी केसभर हललो. मालक जमिनीवर बसून रडले. मला कीव आली नाही. तेल आणखी हवे होते.

पुढे पोटातले तेल उडवून टाकले, जुने पेट्रोल काढले, नवे प्लग बसवले. आता धूर आणि गोंगाट होणार, म्हणून मालक मिठाईचा डबा घेऊन ओरिताबाईंकडे आगाऊ माफी मागायला गेले.

बाईंनी दोन्ही हातांनी डबा घेतला. “आमचे हे कारखान्यात हीच इंजिनं जोडायचे,” त्या म्हणाल्या. “वर्षअखेरीला मुद्दाम खिडकी उघडून बसायचे, तुमचा आवाज ऐकायला. तुम्ही लगेच बंद करायचात. मग खिडकी लावून म्हणायचे, या माणसाला इंजिन दिलं कुणी? गेले ते तीन वर्षांपूर्वी.”

हे सगळे त्या अतिशय नम्रपणे म्हणाल्या.

मालकांनी किल्ली फिरवली. मी खोकलो, थुंकलो, पेटलो. पांढऱ्या धुरात गल्ली बुडाली. आणि मालकांचा हात सवयीने किल्लीकडे गेला. थंड असतानाच बंद केले असते तर पुन्हा तेच, आणि या वेळी थेट भंगारात.

यासुएबाईंनी त्यांच्या हातावर पिशवी आपटली. “बंद कराल तर चालत जाईन मी. दाबा.”

त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. मी ओरडलो. कुणाची खिडकी बंद झाली नाही.

रस्त्यावर उतरण्याआधीची सरकारी तपासणी उरकली आणि आता आठवड्यातून दोनदा मी बाजारात जातो. घाट गाजवायला जन्मलेला मी, मागच्या सीटवर मुळे, टोफू आणि एक कुरकुरणारी बाई घेऊन टेकडी चढतो. मला लाज वाटायला हवी. वाटत नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात कापडाखाली काही जपून ठेवले असेल, तर त्याला नमस्कार करू नका. मुळे आणायला का होईना, बाहेर काढा. चढावर दाबा. आणि शेजाऱ्यांना त्रास होतो की नाही, हे एकदा त्यांनाच विचारा.