वेगकवच आणि सतराचा पाढा

रविवारी सकाळी दहा वाजता सात नंबरच्या गल्लीत मारुतीसमोर इतकी गर्दी जमली, की टँकर आला असावा असं समजून पलीकडच्या गल्लीतल्या दोघी हंडे घेऊन धावत आल्या. टँकर नव्हता. इंटरनेट येणार होतं.

वाळूजच्या कंपन्यांच्या मागे वसलेल्या या वसाहतीत इंटरनेट तसं होतंच. बन्सी केबलवाल्याचं होतं. फक्त ते असल्यासारखं दिसायचं आणि नसल्यासारखं वागायचं. तक्रार घेऊन कुणी गेलं की बन्सी हात जोडून सांगायचा, की माझ्याकडून शंभराचं स्पीड सुटलेलं आहे, तुमच्या घरात ते कुठं अडतं ते तुम्ही बघा. मग कुठं अडतं ते बघायला त्यानेच गंगापूरहून वेगनाथ महाराजांना आणलं. महाराजांच्या अंगात कफनी होती, गळ्यात रुद्राक्ष होते आणि कानात ब्लूटूथ होतं.

"नेट कशातून येतं?" महाराजांनी विचारलं. "आकाशातून. आकाशात कोण राहतं? ग्रह. मग नेट ग्रह अडवणार, का तहसीलदार अडवणार?"

हे सगळ्यांना पटलं. कंपनीत फिटर असलेल्या बिभीषणला तेवढं वाटलं, की आपल्या घरात तर नेट खांबावरच्या काळ्या तारेतून येतं. पण गुरुवारी संध्याकाळी सात वाजता त्याच्या लेकीची, प्रांजलीची, पुण्याच्या कंपनीची मुलाखत घरूनच, लॅपटॉपवर व्हायची होती. धनगरवाड्यात मेंढरांमागे वाढलेल्या घरातली ती पहिली पदवीधर. दोन वर्षांत एवढं एकच बोलावणं आलेलं. अशा वेळी माणूस तारेची बाजू घेऊन महाराजांशी भांडत नाही.

विधी कडक होता. गल्लीतल्या चाळीसही घरांनी टीव्ही बंद करून, दाराला कडी लावून यायचं. मोबाईल बंद करून बिभीषणच्या शेजारच्या पारूबाईंच्या भाकरीच्या टोपलीत टाकायचे. एकही यंत्र चालू राहिलं तर लहर बाटते. चालू राहणार होता तो फक्त महाराजांचा फोन, देवळाला बन्सीने फुकट दिलेल्या वायफायवर. विधीआधी त्यांनी त्यावर स्पीडचा काटा सगळ्यांना दाखवला होता. तीन. मग टोपली भरली, अकरा वेळा मंत्र झाला आणि काटा पुन्हा दाखवला. एक्क्याण्णव.

पारूबाईंनी टोपलीलाच हात जोडले. गल्लीने महाराजांकडून तांब्याची वेगकवचं घेतली आणि घरोघर राउटरवर दोऱ्याने बांधली.

बिभीषणच्या घरचा राउटर सापडायलाच वेळ लागला. त्याचे हिरवे दिवे रात्रंदिवस लुकलुकतात, येणाऱ्याजाणाऱ्याची नजर लागेल, म्हणून त्याच्या आईने, बानाबाईने, तो पत्र्याच्या पेटीत लुगड्यांखाली ठेवलेला होता. झाकणाच्या फटीतून वायर तेवढी बाहेर. महाराजांच्या सांगण्यावरून तो ईशान्य कोपऱ्यातल्या उघड्या फळीवर आला, आणि घरातलं स्पीड दोनाचं पाच झालं.

"आज्जी, पत्र्याच्या पेटीतून लहरी बाहेर पडत नाहीत. म्हणून वाढलं," प्रांजली म्हणाली.

"पेटी माझ्या मायची हाय," बानाबाई म्हणाली. "तिनं आजवर कुनाचं वाईट केलं नाय."

गुरुवार उजाडला. बिभीषणच्या बायकोने, शीलाने, लेकीचा कुर्ता इस्त्री केला, पाठीमागच्या भिंतीला चांगली चादर लावली. बिभीषण पहिली पाळी करून आला आणि अंघोळ करून राउटरशेजारी उभा राहिला. सात वाजता पडद्यावर एक चष्म्यातल्या बाई आल्या. त्याच वेळी गल्लीत पाळीवरून आलेली माणसं जेवायला बसत होती, घरोघर नेटवरून मॅच लागली होती, आणि ज्यांना मॅच नको होती ती आपापल्या फोनवर मालिका बघत होती.

प्रांजली आपलं नाव सांगून शिक्षणावर आली आणि पडद्यावरच्या बाई अर्धवट उघड्या तोंडाने थिजल्या. मग आवाज आला, तुकड्यातुकड्यांनी. "आवाज... प्रां... ऐकू..." प्रांजली उत्तर देत राहिली. बिभीषणने कवच अंगठ्याने दाबून धरलं. कंपनीत गळक्या पाइपवर तो असाच अंगठा ठेवायचा. तिथे निदान गळती थांबायची. चौथ्या मिनिटाला पडदा काळा झाला. तिने फोनचा डेटा लावून पाहिला, तर कंपन्यांच्या पत्र्यांआडच्या त्या घरात टॉवरची एकच काडी. ती जोडली जाईपर्यंत बाई पुढच्या उमेदवाराकडे गेल्या होत्या. कळवू, असा निरोप आला.

प्रांजली रडली नाही. रडली असती तर बिभीषणला सोपं गेलं असतं. तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दर दोन तासांनी स्पीड लिहायला घेतलं. शनिवारी तिने ते बापापुढे ठेवलं. पहाटे पाचला अठ्ठ्याऐंशी. दुपारी तीस. संध्याकाळी सातला चार. कवच सगळा वेळ बांधलेलंच होतं.

"पप्पा, पाणी येतं त्या दिवशी आपल्या टाकीत का चढत नाही?"

"सगळे भाडखाऊ मोटारी लावत्यात म्हणून."

"आणि कुणीच मोटार लावली नाही तर?"

"मंग गच्चीवर बी चढंल," बिभीषण म्हणाला, आणि म्हणता म्हणता थांबला. तो उठला, शिडी घेतली आणि देवळाजवळच्या खांबावर चढला. बन्सीच्या डब्यात एकच तार येत होती आणि चाळीस तारा बाहेर पडत होत्या. शंभराचं स्पीड सुटलेलं होतं यात बन्सी खोटं बोलला नव्हता. ते चाळीस घरांत मिळून एकच शंभर होतं, आणि प्रत्येकाला आख्खं म्हणून विकलेलं होतं. खाली उभ्या पारूबाईंनी सहज आणखी एक गोष्ट सांगितली. महाराज हे बन्सीचे सख्खे साडू.

रविवारी मारुतीसमोर पुन्हा गर्दी जमली. या वेळी प्रांजलीने बोलावली होती. आधी तिने सगळ्यांना मोबाईल चालू ठेवायला सांगितले, घरातले टीव्ही लावून यायला सांगितले, देवळाच्या राउटरला एकदम अकरा कवचं बांधली आणि महाराजांचा मंत्र मोबाईलमधून अकरा वेळा वाजवला. तिच्या फोनवर काटा पाचावर. मग सगळी कवचं काढली, टीव्ही बंद करवले, तिचा सोडून बाकी मोबाईल टोपलीत गेले. मंत्राच्या जागी ती सतराचा पाढा म्हणाली. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. सतरा पंचे पंच्याऐंशीपर्यंत आली तेव्हा काटा ब्याण्णववर होता. महाराजांपेक्षा एकाने जास्त.

मग तिने समजावलं. "लाइन एक हाय आणि तोंडं चाळीस. आपण सगळ्यांनी फोन बंद केले म्हणून स्पीड वाढलं. महाराजांनी काहीच केलं नाही, आपल्याला गप्प बसवलं, एवढंच." खांबावरचा डबाही बिभीषणने उघडून दाखवला. खरी फायबरची लाइन घरोघर वेगळी देणारी कंपनी हमरस्त्यापर्यंत आली होती. पंधरा घरांनी अर्ज दिला तर ती गल्लीत तार ओढणार होती. अर्ज प्रांजलीने आणलाच होता.

माणसं माना वर करून डब्यातल्या तारा मोजू लागली. बिभीषणला वाटलं, पटलं.

"म्हंजी," पारूबाई शेवटी म्हणाल्या, "पोरीच्या पाढ्यात महाराजाहून जास्त ताकद हाय."

"मावशी, तसं नाय," बिभीषण म्हणाला.

"मी काट्याला डोळ्यानं बघितलं ना. त्ये एक्क्याण्णव, ह्ये ब्याण्णव."

अर्जावर चार सह्या झाल्या. त्यातली एक बिभीषणची आणि एक त्याच्या सख्ख्या भावाची. बाकीच्यांना बन्सीने आधीच सांगून ठेवलं होतं, की फायबर घेणाऱ्याच्या घरी टीव्हीची केबल राहणार नाही. सोमवारपासून गल्लीत संध्याकाळी सातला राउटरसमोर उदबत्ती लागू लागली आणि घरोघर सतराचा पाढा ऐकू येऊ लागला. नापास झालेलं एक पोरगं तेवढ्यावर पास व्हायच्या बेतात आहे, एवढाच काय तो समाजसुधारणेला हातभार. बानाबाईने राउटर पुन्हा पेटीत ठेवला. आता तर नात प्रसिद्ध झाली होती, नजर लागण्याचं भय दुप्पट झालं होतं.

वाचणाऱ्याला एवढंच सांगणं. तुमच्या घरी नेट रखडत असेल तर राउटर उघड्यावर, घराच्या मध्यावर ठेवा, पेटीत नको. स्पीड पहाटे मोजा आणि संध्याकाळी मोजा. दोन्हीत फार फरक पडला तर ज्याने लाइन दिली त्याला विचारा, ही एकट्या माझी आहे, का सगळ्या गल्लीची? तो ग्रहांचं नाव काढू लागला तर शेजाऱ्यांना गोळा करा आणि अर्ज करा. यात कुठंही तांबं लागत नाही. शेजारी लागतात, आणि अडतं ते तिथंच.

मंगळवारी संध्याकाळी पुण्याच्या कंपनीचं पत्र ईमेलवर आलं. ते उघडेना. पडद्यावर नुसतं वर्तुळ फिरत राहिलं. प्रांजली आणि बिभीषण त्याच्याकडे बघत बसले आणि भिंतीपलीकडून पारूबाईंचा आवाज येत होता, सतरा त्रिक एक्कावन्न. पंच्याऐंशीपर्यंत पोचून त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. तिसऱ्या खेपेला पत्र उघडलं. दोन ओळींचं होतं. आपली निवड होऊ शकली नाही.

"बघा," पारूबाई पलीकडून म्हणाल्या, "उघडलं का नाय?"