शिलाईवर्गाचा फोटो

या, असे जवळ सरका. मागच्यांनीही पुढं या, देवाच्या दारी मानाची जागा कुणालाच नसते. एका शेठजींची गोष्ट सांगतो. ऐकताना छाती धडधडली, तर शेजाऱ्याचा हात धरा.

सारं गाव त्यांना बर्फशेठ म्हणे. बर्फाचा कारखाना त्यांचा आणि नगराध्यक्षही तेच. गावाला त्यांनी सभागृह बांधून दिलं, तेही कारखान्याला चिकटून. तेवढीच एक भिंत वाचली! भिंतीत वर झरोके, सभागृहाला दार एकच. नकाशा मांडणारे शेठ, मंजूर करणारेही शेठच.

त्या दुपारी शिलाईवर्गाच्या बायका-मुलींनी सभागृह भरलं होतं. शेठ बोलायला उठले, तोच कारखान्यातली यंत्रं सांभाळणारा त्यांचा मेहुणा मंचामागून आला. डोळे लालभडक.

"भावजी, अमोनिया वायू सुटलाय. पाइपाचा सांधा गेला."

"थोडासाच ना?"

"थोडासा असता तर तुमचं भाषण बुडवलं असतं का? मी व्हॉल्व्ह बंद करतो, तुम्ही यांना पलीकडच्या मैदानात काढा, वारा तिकडूनच येतोय. आणि ओरडू नका, दारात चेंगरतील."

"अरे, वायूचा मुखवटा घाल—"

"तो फाटलाय. कधीचा सांगतोय तुम्हाला!" ओला रुमाल तोंडाला बांधत तो गेलासुद्धा.

शेठची जीभ टाळ्याला चिकटली. देवा, एवढा वेळ तरी आवाज दे, असं मनात म्हणाले आणि हसले.

"बायांनो, आज भाषण नाही!" टाळ्या पडल्या. "आधी मैदानात फोटो. दाराजवळच्या रांगेपासून, एकेक रांग उठा."

"भाषण नाही? शेठ, तब्येत बरी आहे ना?" हशा पिकला.

रांगा उठल्या, पण कशा! कुणी केस सारखे करतंय, कुणी मैत्रिणीला हाका मारतंय. एक आजीबाई तर खाली वाकून चपला शोधत बसल्या. तेवढ्यात झरोक्यातून उग्र भपकारा आला. पोरी खोकू लागल्या.

"कसला हो वास हा?"

"साफसफाई चाललीय भिंतीपलीकडं. चला, ऊन आहे तोवर!" शेठचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. आजीबाईंना त्यांनी दंडाला धरून अनवाणीच चालवलं.

सगळ्यात पुढच्या रांगेतली त्यांची बायको शेवटी उरली. "अहो, एवढी घाई कसली? आणि माझा भाऊ कुठंय?"

"तू आधी बाहेर हो."

"कुठंय तो?"

शेठनी तिला ओढतच बाहेर नेलं आणि अग्निशमन दलाला बोलावणं धाडलं.

मैदानात बायका फोटोसाठी हसत उभ्या होत्या. शेठ कारखान्याचं दार बघत राहिले. भपकारा ओसरला, म्हणजे व्हॉल्व्ह बंद झाला. दारातून मात्र कुणी आलं नाही. अग्निशमनवाल्यांनी मेहुण्याचा देह बाहेर आणला तेव्हा बायकोनं एवढंच विचारलं, "तुम्ही पाठवलंत?"

"तो आपणहून गेला. फाटक्या मुखवट्याचा दोष मात्र माझा." हे शेठ सगळ्यांसमोर बोलले.

एकही बाई दगावली नाही. लोक शेठचे पाय धरायला येत, तेव्हा ते पाय मागं घेत.

तर मायबापहो, आज हात जोडाल तेव्हा त्या मेहुण्याची आठवण काढा. आणि त्याच्या बहिणीचीही.