गणिताच्या पुस्तकाचं कव्हर

नवऱ्याचा, जब्बारचा फोन आला तेव्हा नजमुन्निसा मोताळ्याच्या घरी भाकरी थापत होती. बीटीच्या सुट्या कापसानं दोन्ही बाजूंनी फुगलेला ट्रक घेऊन तो गुजरातेतल्या जिनिंगच्या कारखान्याकडे निघाला होता. मेल्या मोबाइलनं त्याला जवळचा म्हणून गल्लीबोळातला रस्ता दाखवला, आणि समोर विजेच्या तारा हाताला लागतील इतक्या लोंबत होत्या. आता नेटही गेलं होतं.

“तारांच्या अलीकडेच दोन फाटे हायेत. माह्यं जुनं नकाशाचं पुस्तक पाय, हायवेले कोणता जाते? चुकलो तं अशाच तारांत घुसतो. ठिणगी पडली तं गाडीसकट जळतो!”

कागदाचे नकाशे आता कोण बघतं, म्हणून त्या पुस्तकाची पानं तिनंच लेकीच्या पुस्तकांना कव्हर म्हणून लावली होती. गुजरातचं पान आयशाच्या गणितावर सापडलं. जब्बारनं सांगितलेल्या गावावर तिनं बोट ठेवलं, तर नेमकी तिथंच आयशाच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली. तिनं ती नखानं ओरबाडली, तशी चिठ्ठी खालच्या रस्त्यासकट निघून आली.

“सांग ना वं! मागच्या गाड्या बोंबलून राह्यल्या. डावीकडे का उजवीकडे?”

नजमुन्निसानं त्या खरवडलेल्या पांढऱ्या जागेकडे पाहिलं आणि वाचून दाखवल्यासारखं म्हणाली, “उजवीकडे.”