नव्वद दिवसांचा खडक

ते भांडं मी बनवलं. हे आधीच सांगते, कारण कागदावर तसं नाही.

जाड स्टीलचं भांडं. आत बेसाल्टचा तुकडा, खारं पाणी आणि प्रचंड दाबाखाली कोंडलेला कार्बन डायऑक्साइड. जमिनीखाली गाडलेल्या वायूचा खडक होतो का, ते सुरतेत टेबलावर बघायचं. दोन वर्षं उधन्याच्या लेथवाल्याकडे खेटे मी घातले आणि पेटंटच्या अर्जावर आमच्या लॅबच्या प्रमुख उज्ज्वला मॅडमनी नाव घातलं आपल्या भाच्याचं. "आशिषला परदेशी जायचंय गं. तू काय, इथंच आहेस." डिंडोलीच्या लूम कामगाराची पोर कुठे जाणार, असं त्यांना म्हणायचं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी हसले.

भांडं बंद करून नव्वद दिवस भरले. प्रयोग तपासायला समिती येणार होती. आदल्या दिवशी मॅडमनी बजावलं, "उद्या आशिषच उघडेल. तू हात लावू नकोस."

नाही लावला. दाब अख्खा दिवस लावून हळूहळू उतरवायचा असतो. झाकणाखालच्या रबराच्या रिंगांत वायू मुरलेला असतो. घाई केली की रिंगा फुगून फाटतात, खडकही तडकतो. दोन तुकडे गमावून मी हे शिकले होते. वहीत लिहिलंही होतं. आशिषनं ती कधी उघडली नाही. कुणाला इजा होणार नव्हती, तेवढं मी बघून घेतलं.

सकाळी भांड्याला कुंकू लागलं, नारळ फुटला. आशिषनं झडप एकदम उघडली. सुटणाऱ्या वायूच्या गारठ्यानं झडपेवर बर्फ जमला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग झाकण फिरेना. शेवटी शिपाई आनंदाभाऊंनी मोठा पाना लावून ते काढलं, तर आत रिंगांच्या चिंध्या आणि खडकाचा चुरा.

समितीतल्या बाईंनी विचारलं, "दर वेळी असंच होतं?"

आशिषनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"मी... पहिल्यांदाच उघडतोय."

बाईंनी अर्जावरचं नाव पुन्हा वाचलं.

"रुपाली, तुला माहीत होतं?" मॅडम ओरडल्या.

"हो," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "बनवलंय मी ते."

सगळे गेल्यावर चुरा मीच झाडला. त्यात पांढऱ्या रेषा होत्या. वायूचा खडक झाला होता! पण किती, ते मोजायला अख्खा तुकडा लागतो. माझे नव्वद दिवसही सुपलीत गेले. खोटं कशाला बोलू, तरी मला बरं वाटलं.