किलडीअर अठरा

सर्र... खट.

ओपल नुकतीच झोपली होती. मार्नी लेकीच्या केसांतून बोटं फिरवत, श्वाससुद्धा बेतानं घेत बसली होती. तेवढ्यात पत्र्याच्या भिंतीपलीकडून तो आवाज आला. पोलादी टेप ओढली गेली आणि पुन्हा डबीत शिरली. कोणीतरी बाहेरून तिचं घर मोजत होतं.

मार्नीचा हात आपोआप कडीकडे गेला. कडी लावलेलीच होती. ओपल आत असताना ती नेहमी लावलेलीच असायची. पडद्याच्या फटीतून तिला दोन म्हातारे पाय दिसले आणि गुडघ्याला माती लागलेली निळी पँट. शेजारच्या जागेवरचा हॉलिस. मार्नीनं कडीवरचा हात काढला. ती क्षणभर पलंगाच्या काठावर टेकली.

नेब्रास्कातून निघून ऑरेगॉनमधल्या या ट्रेलर पार्कात येऊन सात महिने झाले होते, पण प्रत्येक आवाजाला कडी चाचपायची ही सवय काही जात नव्हती. ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं हे घर, मावशीचा होता. मावशी गेल्यावर तिच्या शेतावरच्या गोठ्यात धूळ खात पडला होता. नवऱ्याला सोडून ओपलला घेऊन निघाली, तेव्हा मार्नीनं तोच ट्रकला जोडून आणला. वाटेत ट्रक बदलला, पिवळ्या ट्रेलरला राखाडी रंग दिला, स्वतःचं आडनाव बदललं. आणि मनाला एकच धीर दिला, की हा आपला किलडीअर कंपनीचा साधा पंधरा फुटी ट्रेलर आहे. एके काळी असे हजारोंनी रस्त्यावर होते. हजारांतला एक कोण ओळखणार?

ती बाहेर आली तर हॉलिस चक्क जमिनीवर आडवा पडला होता. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर, म्हणजे ट्रकला जोडायच्या त्या लोखंडी त्रिकोणावर, तिनं रचून ठेवलेलं सरपण त्यानं नीट बाजूला काढून ठेवलं होतं.

"हॉलिस, काय चाललंय?"

"थांब पोरी, हलू नकोस. हे टोक धर." त्यानं टेपचं टोक तिच्या हातात दिलं आणि तो मागच्या बंपरकडे सरपटत गेला.

दोन ट्रेलरांच्या मधल्या दोरीवर त्याची बायको बर्निस चादरी वाळत घालत होती. "बघितलंस? बेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या स्वयंपाकघराची फळी मोजली नाही यानं. आणि परक्या बाईच्या घराखाली कसा लोळतोय बघ!"

"तुझी फळी दुर्मीळ नाही," हॉलिस मागून ओरडला. मग त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "अठरा! अठरा फूट आणि वर बोटभर! बर्निस, मी म्हटलं नव्हतं?"

मार्नी म्हणाली, "पंधरा आहे तो. मी स्वतः आतून मोजलाय."

"तिथंच सगळे फसतात." हॉलिस उठला, गुडघे झटकत जवळ आला. "तू खोली मोजलीस. कारखाना दांड्यापासून बंपरपर्यंत मोजायचा. साध्या किलडीअर पंधराची खोली बाराच फुटांची असते. तुझी खोलीच पंधरा, म्हणजे दांड्यासकट अठरा. शिवाय पुढं छताला ती दुसरी खिडकी आहे. एकाच हिवाळ्यात बनवले हे, आणि मग बंद केले. आमच्या जुन्या ट्रेलरांच्या शौकिनांच्या मंडळाच्या यादीत अख्ख्या देशातले मिळून नऊ आहेत. तुझा दहावा!"

तो कौतुकानं पत्र्यावर हात फिरवत होता. मार्नीला मात्र वाटलं, आपल्या अंगावरचं पांघरूण कोणीतरी भर चौकात ओढून काढलं. हजारांतला एक नव्हे. दहांतला एक.

"यादीत घालू नका," ती म्हणाली. "मला नाही आवडत तसलं काही."

"अगं, फोटो तर शनिवारीच टाकले मी मंडळाच्या पानावर. तुला खूश करायचं होतं." त्यानं चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि फोन पुढं केला. "सगळे भांडतायत बघ. हा म्हणतो पंधरा, हा शहाणा म्हणतो सोळा. पण एक गृहस्थ आहे, खरा जाणकार. न मोजता अठरा म्हणाला! आणि त्यानं काय विचारलं असेल? मागच्या डाव्या कोपऱ्याला, दिव्याच्या खाली, मुठीएवढा पोचा आहे का म्हणून!"

मार्नीनं फोन घेतला नाही.

तो पोचा पान्याचा होता. नवऱ्यानं तो पत्र्यासाठी उचललेला नव्हता. ती वेळेवर खाली वाकली, म्हणून पत्र्याला लागला. नंतर तिनं त्यात पुट्टी भरली, घासली, वरून दोन हात रंग दिला. तो पोचा जगात दोनच माणसांना ठाऊक होता.

"तुम्ही काय सांगितलंत त्याला?"

"डोळ्यांना दिसत नाही गं, पण हात फिरवला की लागतो. आज सकाळी आठला कळवलं त्याला, आहे म्हणून. त्यानं गावाचं नाव विचारलं, पार्कचं विचारलं..." हॉलिसचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. तो मार्नीच्या तोंडाकडे बघत होता. "भला माणूस वाटला. लगेच उत्तर आलं त्याचं. 'निघालोच बघायला.'"

बर्निसच्या हातातली चादर तशीच राहिली. ती दोरीखालून वाकून आली, तिनं मार्नीचा दंड धरला आणि नवऱ्याला म्हणाली, "हॉलिस, गप्प बस आता." मग हलक्या आवाजात विचारलं, "ओपलचा बाप?"

मार्नीनं होकारार्थी मान हलवली.

"मी पुसून टाकतो," हॉलिस म्हणाला. त्याची बोटं चुकीच्या जागी लागत होती. "चुकून मोजलं म्हणून लिहितो. पंधराच आहे म्हणून लिहितो."

"त्यानं वाचलंय. आता काय पुसतोस?" बर्निसनं त्याला अडवलं.

मार्नी मनात तास मोजत होती. सकाळी आठ. आता एक वाजत आला होता. तिला इकडे यायला तीन दिवस लागले होते, पण तेव्हा मागं ट्रेलर होता आणि शेजारी पोर. तो एकटा, रात्रभर गाडी हाणणारा. सतरा-अठरा तास. पाच सरले.

"शेरीफला फोन करते," बर्निस म्हणाली.

"करा. त्यानं आमच्या जवळ फिरकू नये, असा कोर्टाचा कागद आहे माझ्याकडे. मागच्या वेळीही होता." मार्नी एवढंच बोलली. मागच्या वेळी पोलिसांची गाडी आली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

"मी माझ्या ट्रकला जोडून नेतो ट्रेलर," हॉलिस म्हणाला. "डोंगरापलीकडे माझ्या ओळखीचा एकजण आहे, त्याच्या आवारात..."

"नको." हे तिला आतून, अगदी शांतपणे कळलं होतं. देशात दहा असलेलं घर मागं बांधून कुठंही गेलं, तरी पेट्रोल पंपावर कोणीतरी हॉलिस भेटणारच. खुशीनं मोजणारा, खुशीनं सांगणारा. "तो इथंच राहू दे. आम्ही जातो."

हॉलिस तिथंच पायरीवर बसला. "मी चांगल्याच मनानं केलं गं पोरी."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. ते खरंही होतं. पण त्याच्या पाठीवर हात ठेवायला तिला जमलं नाही.

वीस मिनिटांत तिनं काय काय घेतलं आणि काय काय राहिलं, याचा हिशोब तिला पुढं कधीच लागणार नव्हता. कपड्यांची पिशवी, कोर्टाचा कागद, ओपलचं दम्याचं औषध, शेंगदाण्याच्या लोण्याची बाटली आणि पाव. ओपलला पाय टेकवता यावेत म्हणून तिनंच ठोकलेला लाकडी चौरंग राहिला. खिडकीतल्या डब्यात नुकतीच उगवलेली मुळ्याची रोपंही राहिली. ओपल रोज सकाळी त्यांना नावानं हाक मारायची.

बर्निसनं एका चिठ्ठीवर आपल्या बहिणीचा पत्ता लिहून दिला. "पाठ कर आणि फाडून टाक. हॉलिसला मी सांगणार नाही, आणि तोही विचारणार नाही." हॉलिसनं मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

ट्रक पार्कच्या फाटकाबाहेर पडला तरी मार्नी आरशातच बघत होती. समोरून धुरळा उडवत एक गाडी आली. दूधवाल्याची गाडी निघाली. मग आणखी एक आली, तिच्यात दोन बायका होत्या. प्रत्येक गाडीगणिक ती थोडी मरत होती आणि परत जिवंत होत होती.

शेजारी ओपल गालावर उशीचे वळ घेऊन बसली होती. मार्नीला वाटलं होतं, पोर उचलून आणेपर्यंत झोपेतच होती. पण पत्रा पातळ असतो, आणि मुलांचे कान जागेच असतात.

"आई, बाबा येणार आहे?"

"आपण फिरायला चाललोय, राणी. पाव खातेस?"

ओपलनं पाव घेतला, पण खाल्ला नाही. सीटच्या काठावर टाचा आपटत ती बराच वेळ बाहेरचे खांब बघत राहिली. मग वळली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. नुसतं कुतूहल होतं, आणि त्याखाली काहीतरी आशेसारखं. त्याचीच मार्नीला सगळ्यात जास्त धास्ती वाटली.

"एवढ्या लांबून तो आपल्याला शोधत येतोय," ओपल म्हणाली, "म्हणजे आपण त्याला खूप आवडतो ना, आई?"